सूपमध्ये काय आहे?



गेल्या आठवड्यात नातवाचा पुण्याहून फोन आला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे तो. नोकऱ्या द्यायला कंपन्या कॉलेजात येणार, म्हणून मुलांसाठी ग्रूमिंगचा वर्ग ठेवला आहे. टायची गाठ, बुटांचं पॉलिश, हात कसा मिळवायचा, आणि शेवटच्या दिवशी हॉटेलात काट्या-चमच्यानं जेवण. सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाला, "आजी, सूपमध्ये काय आहे असं वेटरला विचारलं तर वाईट दिसेल का गं?"

मला एकदम लंडनमधला एक विद्यार्थी आठवला. त्यानं हाच प्रश्न विचारला होता आणि त्यापायी रात्री उपाशी राहिला होता. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी. त्याची ही शिक्षणाची गोष्ट आज सांगते.

बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचं ठरलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आई पुतळीबाई काही केल्या तयार होईनात. तिकडं गेलेली मुलं मांस-मद्याला लागतात असं त्यांनी ऐकलेलं. शेवटी घराण्याला सल्ला देणारे बेचरजी स्वामी पुढं आले. ते मूळचे मोढ वाणी, पण जैन साधू झालेले. त्यांच्यासमोर मोहनदासनं तीन नियम घेतले: मांस, मद्य आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही. तेव्हा कुठं आईनं होकार दिला. मुंबईतल्या जातवाल्यांनी मात्र त्याला जातीबाहेर काढलं. त्याला मदत करणाऱ्याला किंवा निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठेवला. तरी ४ सप्टेंबर १८८८ ला तो बोटीत बसला.

बोटीवर पहिली अडचण जेवणाच्या टेबलाची. काटा-सुरी धरता येत नव्हती, आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धैर्य नव्हतं. म्हणून तो टेबलाकडं गेलाच नाही. आपल्या खोलीत बसून घरून बांधून दिलेली मिठाई आणि फळं खात राहिला. उतरताना शोभून दिसावं म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला होता. उतरल्यावर बघतो तो काय, सगळ्या बंदरात पांढऱ्या कपड्यातला तो एकटाच!

त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. त्यांची उंच रेशमी टोपी मोहनदासनं सहज उचलली आणि तिच्यावरून उलटा हात फिरवला. टोपीची लव विस्कटली. डॉक्टर जरा रागावले, पण लगेच त्याला पहिला धडा दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, नव्या ओळखीत खासगी प्रश्न विचारायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. विचार केला तर यातलं बरंचसं आपल्या आया-आज्यांनीही आपल्याला शिकवलं होतं.

पुढं एका जिवलग मित्रानं त्याला नाटकाला नेलं. मोहनदास मांस खात नाही म्हणून हा मित्र काळजीत असायचा. नाटकाआधी हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवण होतं. अशा झगमगत्या ठिकाणी हा लाजून काही विचारणार नाही, असा मित्राचा अंदाज असावा. पहिलं सूप आलं. मोहनदासनं वेटरला बोलावलं. मित्र चिडला. सभ्य लोकांत वागता येत नसेल तर बाहेर जा, दुसरीकडं खा आणि माझी वाट बघ, असं त्यानं सुनावलं. मोहनदास उठून बाहेर गेला. जवळचं शाकाहारी हॉटेल बंद होतं. तो तसाच उपाशी नाटकाला बसला, पण मित्राशी भांडला नाही.

मात्र मनाला लागलंच. मांस खाणार नाही, पण बाकी सगळ्यात सभ्य होऊन दाखवीन असं त्यानं ठरवलं. आणि सुरू झाला खर्च! बाँड स्ट्रीटवर शिवलेला संध्याकाळचा सूट दहा पौंडांचा. टोपी एकोणीस शिलिंगांची. नाचाच्या वर्गाला तीन पौंड. ताल कळेना म्हणून तीन पौंडांचं व्हायोलिन, वर शिकवणीची फी. भाषणकलेच्या शिक्षकाला एक गिनी. घड्याळाची सोन्याची साखळी भावाकडून मागवली. रोज दहा मिनिटं मोठ्या आरशासमोर टाय आणि भांग. नाचाचे सहाएक धडे झाले, पण पाय काही तालात पडेना.

साधारण तीन महिन्यांनी डोळे उघडले. आपल्याला काही इंग्लंडमध्ये जन्म काढायचा नाही, आपण विद्यार्थी आहोत, हे त्याला उमगलं. शिकवण्या बंद केल्या, व्हायोलिन विकायला सांगितलं. नीटनेटक्या कपड्यांची सवय मात्र पुढं कित्येक वर्षं राहिली.

मी कॉमर्सची, त्यामुळं मला त्याची वही फार आवडते. बसचं भाडं, टपाल, वर्तमानपत्राचे दोन पैसे, सगळं तो लिहायचा आणि झोपण्याआधी शिल्लक जुळवायचा. नंतर एका खोलीत राहून सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर, रात्री पाव आणि कोको, असं दिवसाचं एक शिलिंग तीन पेनीत भागवू लागला. मी हिशोब मांडून बघितला. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाच्या बारा पेनी होत्या. म्हणजे त्या दहा पौंडांच्या सुटात १६० दिवसांचं खाणं आलं असतं!

पण जेवणाच्या टेबलापासून सुटका नव्हती. बॅरिस्टर व्हायला परीक्षेबरोबर जेवणंही हजेरीत धरत. इनर टेंपल या संस्थेत बारा सत्रं भरायची आणि प्रत्येक सत्रात निदान सहा वेळा सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं. खाल्लं नाही तरी चाले, पण वेळेवर येऊन शेवटपर्यंत बसायला हवं. चौघांमध्ये दारूच्या दोन बाटल्या मिळत. मोहनदास पीत नसल्यामुळं त्याला आपल्या चौकडीत घ्यायला सगळे टपलेले! सुरुवातीला त्याच्यासाठी पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी एवढंच असे. बटाटा आपल्यात चालत नाही, पण त्याच्या नियमात तो बसत होता. पुढं त्यानं आणि एका शाकाहारी पारशी विद्यार्थ्यानं मिळून अर्ज केला, की ज्येष्ठ वकिलांच्या टेबलावरच्या भाज्या आणि फळं आम्हाला मिळावीत. अर्ज मंजूर झाला! बोटीवर तोंड न उघडणारा मुलगा इतका पुढं आला होता.

अंड्याचाही प्रश्न आला. अंडं म्हणजे मांस नव्हे, असं तिकडचे काही शाकाहारी म्हणत. त्यानंही काही दिवस अंडी खाल्ली. मग वाटलं, नियम आईसमोर घेतला आहे, तर आईच्या मनातला अर्थच खरा. त्यानं अंडी सोडली. त्यानंतर शाकाहारी हॉटेलातसुद्धा पुडिंगमध्ये आणि केकमध्ये काय आहे, हे विचारावं लागे. तो विचारत राहिला.

मैत्रिणींनो, इथं माझी एक गोष्ट कबूल करते. लग्नानंतर ह्यांच्या कार्यालयाचं एक मोठं जेवण होतं. सगळ्या बायका फाडफाड इंग्रजी बोलत होत्या. पुढ्यात पुडिंग आलं. विचारावंसं वाटलं, पण मला गावठी म्हणतील म्हणून गप्प बसले आणि खाल्लं. त्यात अंडं होतं, हे घरी निघताना कळलं. दुसऱ्या दिवशी उपवास केला, बस्तीत जाऊन बसले. नकळत झालं असं सगळ्यांनी समजावलं. पण मला माहीत होतं, नकळत नव्हतं. शंका आली होती, मी लाजले होते.

१० जून १८९१ ला मोहनदास बॅरिस्टर झाला आणि १२ तारखेला निघाला. मुंबईला उतरल्यावर भावानं सांगितलं, की आई केव्हाच गेली. परक्या देशात धक्का बसू नये म्हणून त्याला कळवलंच नव्हतं. ज्या आईसाठी पुडिंगची चौकशी करायची, ती जगात नव्हती आणि नियम तेवढाच कडक पाळला जात होता. त्याच मुक्कामात, टोपीचा धडा देणाऱ्या डॉ. मेहतांच्या मुंबईच्या घरी, त्याला रायचंदभाई भेटले. तेच आपले श्रीमद् राजचंद्र.

नातवाला मी म्हटलं, "बाळा, टायची गाठ नीट शीक. काटा डाव्या हातात धर. आणि सूप यायच्या आधीच वेटरला हळू आवाजात विचार. आजीसारखा लाजू नकोस."

काल त्याचं जेवण झालं. रात्री फोनवर म्हणाला, "आजी, मी विचारलं. मग शेजारच्या दोन मुलींनीही विचारलं."