घाटात इंजिन का टकटकते?

मुंबईहून नाशिकला जाताना खर्डी मागे पडली की थोड्याच वेळात कसारा घाट सुरू होतो. १९९०च्या दशकात खर्डीला माझ्या मामांकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. गाडी ऑइल खाऊ लागली, मागून निळा धूर येऊ लागला, तेव्हा मामांनी इंजिनाचे काम काढले. झिजलेले सिलिंडर बोअर करून त्यांत १ मिलिमीटर मोठे, ओव्हरसाइझ पिस्टन बसवले. तापून वाकलेले हेड मशीनवर घासून सपाट केले. मिस्त्री म्हणाला, "शेठ, आता गाडी कशी पळते बघा!"

सपाटीला गाडी खरोखरच पळाली. पण पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढू लागलो, तशी बॉनेटखालून कोणी हातोडी मारावी तशी टकटक सुरू झाली. मिस्त्रीने ठिणगीचे टायमिंग मागे घेतले. टकटक थांबली, पण ताकदही गेली आणि रेडिएटर उकळू लागला. सगळ्यांनी दोष दिला तो मोठ्या पिस्टनना.

हा आरोप खरा आहे का? आपण हिशेब करून पाहू. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक पिस्टन २७२.४ घन सेंटिमीटर जागा व्यापत वर-खाली होतो. चौघांचे मिळून १०८९. पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा ४५.४ घन सेंटिमीटर धरली, तर आधीचे ३१७.८ घन सेंटिमीटर मिश्रण तेवढ्यात दाबले जाते. हे संपीडन गुणोत्तर झाले ७. व्यास ६९ केला की पिस्टनची जागा २८०.४ होते आणि गुणोत्तर जेमतेम ७.२ वर जाते. आता हेड १ मिलिमीटर घासले असे समजा. ज्वलनकक्षाचे तोंड सिलिंडरएवढेच धरले, तर कक्षातून सुमारे ३.६ घन सेंटिमीटर जागा कमी होते आणि गुणोत्तर ७.७ होते! पिस्टन बिचारे बऱ्याच अंशी निर्दोष होते. हा हिशेब नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावा.

पण गुणोत्तर वाढले तर बिघडले कुठे? सिद्धान्त तर सांगतो की ते जितके जास्त, तितकी उष्णतेची कार्यात रूपांतर होण्याची क्षमता जास्त. निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या इंजिनात ते सुमारे अडीच होते. आदर्श हिशेबाने कार्यक्षमता ३१ टक्के. ७ ला ती ५४ टक्के येते. प्रत्यक्षात यापेक्षा बरीच कमी मिळते, पण दिशा तीच. मग सुरुवातीपासूनच ७ का घेतले नाही? उलट फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीचे गुणोत्तर साडेचारच्या आसपास होते, ते पुढे चारच्या किंचित खाली आणले गेले. कारण त्या काळचे हलके पेट्रोल.

ठिणगी पडल्यावर ज्योत मिश्रणातून पुढे सरकते. तिच्या पुढचे, अजून न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापत असते. ते ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा धातूवर आदळतात. हीच ती टकटक. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर चालू असतानाच गुणोत्तर बदलता येईल असे इंजिन बांधले आणि कोणते इंधन किती दाब सोसते हे मोजले. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, फेरे कमी. सिलिंडर भरगच्च भरतो आणि मिश्रणाला आपोआप पेटायला वेळही मिळतो. म्हणून टकटक आधी घाटात ऐकू येते.

९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड अगदी थोडे मिसळले तरी टकटक थांबते. गुणोत्तरे वाढू लागली. पण शिसे हे विष आहे, हे तेव्हाही माहीत होते. मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार दगावले. तरीही हे पेट्रोल जगभर जळत राहिले. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि शिशाचे पेट्रोल बंद झाले ते २००० साली. म्हणजे आमच्या घाटातल्या धुरातही ते होतेच. इंजिनाच्या चार-दोन टक्क्यांसाठी ही किंमत फारच मोठी होती, असे मला वाटते.

आणि एवढे शिसे घालूनही त्या काळी आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ८७ च होता. हा अंक टकटक सोसण्याचे माप आहे: आयसो-ऑक्टेन १००, नॉर्मल हेप्टेन शून्य. आता पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल हा अंक विषाशिवाय वाढवते. मात्र जुन्या गाड्यांतले रबर आणि कार्ब्युरेटर त्यासाठी बनवलेले नव्हते.

मामांपुढे दोन वाटा होत्या: खोलगट डोक्याचे पिस्टन शोधणे किंवा हेडखाली जाड गॅस्केट घालून गेलेली जागा परत देणे. त्यांनी गॅस्केट निवडली, ती स्वस्त होती. टायमिंग पुन्हा पूर्वीच्या खुणेवर आणले आणि पुढच्या खेपेला आम्ही इगतपुरीपर्यंत पोचलो, रेडिएटरमध्ये पाणी घालायला एकदाही न थांबता.