वंध्यत्वोपचारोत्तर गर्भधारणेतील गुणसूत्रचाळणी

शरीराबाहेर फलन घडवून, म्हणजे लोक ज्याला टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार म्हणतात त्या मार्गाने, राहिलेल्या गर्भात एखाद्या गुणसूत्राची प्रत अधिक असण्याचा संभव किती, याचा प्रसूतीपूर्वी घेतला जाणारा अंदाज. हा संभव मुख्यतः एकविसाव्या गुणसूत्राच्या बाबतीत, ज्याच्या तिसऱ्या प्रतीमुळे डाउन संलक्षण उद्भवते, आणि अठराव्या व तेराव्या गुणसूत्रांच्या बाबतीत पाहतात. चाळणीतून हाती येतो तो संभवाचा आकडा. निदानाचा दाखला नव्हे.

गर्भ अकरा आठवड्यांचा झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांच्या मुदतीत सोनोग्राफीने त्याच्या मानेमागील द्रवस्तराची जाडी मोजतात आणि मातेच्या रक्तातील पॅप-ए व मुक्त बीटा-एचसीजी ही द्रव्ये तपासतात. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर या नावांनी रूढ असलेली जोडी ती हीच. फलनोपचारानंतर गर्भ सर्वस्वी निरोगी असूनही पॅप-एचे प्रमाण पुष्कळदा उतरलेले आढळते, आणि डाउन संलक्षणातही ते उतरतेच. त्यामुळे गर्भधारणेच्या प्रकाराची दखल घेऊन प्रयोगशाळेने हिशेब दुरुस्त केला नाही, तर वर्षानुवर्षे अपत्याची वाट पाहिलेल्या दांपत्याच्या हाती अकारण भयाचा कागद पडतो.

त्याहून मोठा घोटाळा वयाच्या रकान्यात होतो. डाउन संलक्षणाचा संभव पंचविशीत साधारण १,२५० मध्ये एक, तर चाळिशीत सुमारे १०० मध्ये एक. परंतु येथे विचारात घ्यायचे वय गर्भवतीचे नसून स्त्रीबीजाचे असते. २०२१ च्या कायद्यानुसार बीजदात्री २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, म्हणून तिचे बीज घेतलेल्या बेचाळीस वर्षांच्या स्त्रीने स्वतःचे वय लिहिले की आकडा अनेक पटींनी फुगतो; आणि गोठवलेल्या भ्रूणाच्या बाबतीत बीज ज्या दिवशी काढले त्या दिवसाचे वय ग्राह्य धरावे लागते. दात्रीची गोष्ट सासरच्या मंडळींपासून गुप्त राखण्याची इच्छा समजण्याजोगी आहे, आणि म्हणूनच अर्ज भरून घेणाऱ्याने ही विचारणा त्या स्त्रीपाशी एकांतात करावी, असा आग्रह येथे मुद्दाम नोंदवला पाहिजे.

मातेच्या रक्तद्रवात गर्भाचे डीएनए असते, हे डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. त्यावर आधारलेली एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून करता येते आणि डाउन संलक्षणापुरती ती सर्व चाळण्यांत सरस ठरली आहे. तथापि हे डीएनए वस्तुतः वारेतून येते, फलनोपचारानंतर ते कमी भरण्याकडे कल असतो, आणि रोपलेल्या दोन भ्रूणांपैकी एक आरंभीच विरून गेला असल्यास त्याचा अवशेष निष्कर्षात गोंधळ माजवतो. रोपणापूर्वी भ्रूणाची पीजीटी तपासणी झाली असली, तरी ती बाह्य आवरणातील मोजक्या पेशींची असल्यामुळे चाळणीची गरज संपत नाही.

संभव अधिक निघाल्यास अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना अथवा पंधराव्यानंतर गर्भजल काढून खातरजमा करतात. तिच्यावाचून गर्भपाताचा निर्णय घेणे सर्वथा अनुचित होय. एनआयपीटीत गर्भाचे लिंगही कळू शकते. परंतु गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये केला असून, लिंग उघड करणे हा भारतात गुन्हा आहे.