संगीत-पुरातत्त्व, मराठवाड्यातील

प्राचीन समाजांतील वाद्ये, वादनपद्धती आणि संगीताचे सामाजिक स्थान यांचा भौतिक अवशेषांवरून होणारा अभ्यास. हाडाच्या बासऱ्या टिकतात, जर्मनीत सु. ४०,००० वर्षांपूर्वीच्या सापडल्या आहेत. भारतीय हवामानात मात्र लाकूड, बांबू, कातडे व तार नष्ट होतात. म्हणून येथे शिल्पे आणि चित्रे हाच मुख्य पुरावा ठरतो.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील लेणे क्र. ७ (सहावे शतक) याचे उत्तम उदाहरण आहे. गर्भगृहाच्या भिंतीवर मध्यभागी नर्तिका आणि तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया कोरल्या आहेत. बासरी, टाळ व चर्मवाद्ये एकत्र वाजत आहेत. यावरून सुषिर (फुंकून वाजवायच्या), घन (आघाताने नाद देणाऱ्या) व अवनद्ध (चामड्याने मढवलेल्या) वाद्यांचा मेळ आणि त्यातील स्त्रियांचा सहभाग स्पष्ट होतो. अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मधील महाजनक जातकाच्या चित्रातही असाच वाद्यवृंद दिसतो.

प्राचीन शिल्पांतील वीणा धनुष्याकृती आहे. पुढे ती लोपली व दांड्याची वीणा रूढ झाली. केवळ ‘वीणा’ या शब्दावरून हा बदल कळत नाही.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला. त्यातील वाद्याध्यायामुळे शिल्पांतील वाद्ये ओळखणे सुकर होते. वसमतजवळचे औंढा नागनाथ मंदिर याच यादवकाळातील. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची तेथील आख्यायिका हा पुरातत्त्वीय पुरावा नव्हे. परंतु त्या परिसराच्या स्मृतीत दगड आणि नाद किती एकजीव झाले आहेत, हे ती सांगते.