पिकानची वडी आणि सॅन अँटोनियोची धूळ

परवा एक आजोबा तपासणीला आले ते पिशवीत डबा घेऊनच. मुलगी टेक्सासला असते, तिच्या परसात पिकानचं झाड आहे. नातवाने वेचलेले पिकान आणि त्यांची घरी केलेली 'प्रलीन' नावाची वडी तिने पाठवली होती. "डॉक्टर, मला शुगर आहे. चालेल का?"

उत्तर शेवटी देतो. आधी त्या डब्याची गोष्ट.

पिकान अक्रोडाच्याच कुळातलं, पण लांबट आणि गुळगुळीत कवचाचं. मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि टेक्सासच्या नद्यांकाठी ते मूळचंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळं गळू लागली की मोठी माणसं लांब काठ्यांनी फांद्या झोडपतात आणि पोरं खाली बादल्या भरतात. झाड एक वर्ष लगडतं, पुढच्या वर्षी हात आखडतं, अगदी आपल्या हापूससारखं. 1906 साली वारलेल्या माजी गव्हर्नर जेम्स हॉग यांची इच्छा होती, की आपल्या उशाशी दगड नको, पिकानचं झाड लावा आणि त्याची फळं लोकांना वाटा. पुढे 1919 मध्ये पिकान टेक्सासचा राज्यवृक्ष झाला.

प्रलीन मूळची फ्रान्सची, बदामाची. लुइझियानात बदामाऐवजी पिकान आला, सोबत साय आणि लोणी. चिक्की आणि नारळाची वडी यांच्या मधलं काहीतरी म्हणा ना! न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय बायका ती टोपलीतून विकत.

पण घरच्या झाडाचे दाणे घरी सोलणं वेगळं आणि पोटासाठी दिवसभर सोलणं वेगळं. 1930 च्या दशकात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात सुमारे 12,000 माणसं, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका, कोंदट खोल्यांत दाटीने बसून पिकान सोलत. हवा खेळती नाही, बहुतेक ठिकाणी संडासची सोय नाही. आठवड्याची कमाई दोन-तीन डॉलर. तीही कापली, तेव्हा 31 जानेवारी 1938 रोजी संप झाला. पुढे होती एमा टेनायुका, वय वर्षं फक्त 21.

त्या काळी शहरात दर लाख लोकांमागे 148 जण क्षयाने मरत. देशाची सरासरी होती 54. लोक बोट दाखवत कवचाच्या तपकिरी धुळीकडे. डॉक्टर म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. क्षय धुळीने होत नाही, जंतूने होतो. धुळीने खोकला येईल, घसा खवखवेल. पण जंतू पसरतो तो बंद खोलीत, एकमेकांच्या श्वासातून, आणि अर्धपोटी शरीरात तो लवकर बळावतो. म्हणजे बायकांची तक्रार खरीच होती. फक्त खरा गुन्हेगार धूळ नव्हती, ती खोली आणि ती मजुरी होती. आपल्याकडे विडी वळणाऱ्या वस्त्यांमध्ये क्षयाचे पेशंट पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

संपानंतर लवादाकडे प्रकरण गेलं. त्याच वर्षी देशभर तासाला किमान 25 सेंट मजुरीचा कायदा आला. मग मालकांनी सोलायची यंत्रं आणली आणि हजारो बायकांचं काम गेलं.

आता आजोबांचा प्रश्न. मूठभर, म्हणजे साधारण 28 ग्रॅम पिकानमध्ये 200 च्या आसपास कॅलरी असतात, पण साखर अगदी थोडी. रोज सात-आठ अर्धुकं खुशाल खा, म्हटलं. वडी मात्र निम्मीअधिक साखरच. ते हिरमुसले. "नातवाने वेचलेत हो," म्हणाले. मग नखाएवढा एक तुकडा मोडून त्यांना दिला आणि एक मी खाल्ला.