नाव एक, काम दुसरं: प्रत्यारोपणाच्या जनुकांची गोष्ट

आजचा प्रश्न वरवर साधा आहे. अमुक जनुक अमुक कामासाठी असतं, असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? ताक घुसळताना रवीचा आवाज होतो. आवाज हा परिणाम झाला. लोणी काढणं हे तिचं काम. रवीच्या बाबतीत हे कोणीही सांगेल. जनुकाच्या बाबतीत मात्र परिणाम आधी दिसतो आणि आपण त्यालाच काम समजून बसतो. एका जनुकसमूहाच्या बाबतीत असंच घडलं.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर उपचार कसे करायचे, हा मोठा प्रश्न होता. प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावार आणि शल्यविशारद टॉम गिब्सन यांनी ग्लासगोमध्ये एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. काही दिवसांत ते नष्ट झाले. पुन्हा भावाचीच त्वचा लावली, तर ती आणखी लवकर गेली. 1943 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दुसऱ्या वेळी घाई झाली, याचा अर्थ शरीराला पहिली वेळ आठवत होती. म्हणजेच हा रोगप्रतिकारशक्तीचा व्यवहार होता.

पण परकं ओळखायचं कशावरून? लंडनमध्ये पीटर गोरर यांना 1936-37 च्या सुमारास उंदरांच्या रक्तपेशींवर एक खूण सापडली होती. दुसऱ्या उंदराची गाठ शरीरात रुजणार की नाकारली जाणार, ते तिच्याशी निगडित होतं. अमेरिकेत जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल यांनी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून असे वाण तयार केले, की दोन वाणांत फरक उरेल तो जवळजवळ याच एका भागाचा. 1948 मध्ये दोघांचे धागे जुळले. नाव पडलं एच-2. यातला 'एच' म्हणजे हिस्टोकॉम्पॅटिबिलिटी, ऊतकांचं एकमेकांशी जुळणं. माणसातल्या अशाच समूहाला पुढे एचएलए म्हणू लागले.

आता बघा, निसर्गात कोण कोणाची त्वचा शिवतं? उत्क्रांतीने सर्जनला अडवण्यासाठी जनुकं घडवली असतील का? नाव दिलं गेलं ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरून, आपल्या अडचणीवरून. खरं काम अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं 1974 मध्ये, कॅनबेरात. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी उंदरांतल्या एका विषाणूचा अभ्यास करत होते. विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या टी-पेशी त्यांनी वेगळ्या काढल्या. या पेशी स्वतःच्याच एच-2 प्रकारच्या बाधित पेशींना मारत. विषाणू तोच, पण एच-2 निराळं असेल तर हातही लावत नसत! म्हणजे टी-पेशीला नुसता विषाणू दिसतच नाही. तो एच-2 च्या सोबतीनेच दिसतो. 1987 मध्ये हार्वर्डमध्ये माणसातल्या अशा एका रेणूची रचना उलगडली. त्याला वर एक खोबण होती, प्रथिनाचा तुकडा धरून ठेवणारी. पेशीच्या आत काय शिजतंय, त्याचा घास दारात वाढून ठेवणारं ताटच म्हणा.

जनुकाचं काम शोधायची आजची रीत म्हणजे ते बंद करून बघायचं. 1990 मध्ये उंदरांत या रेणूंच्या एका आवश्यक घटकाचं जनुक बंद केलं गेलं. उंदीर जन्मले, वाढले, वरून निरोगी दिसले. पण ती मारेकरी टी-पेशींची फौज त्यांच्यात जवळजवळ नव्हतीच. नुसतं बघून काहीच कळलं नसतं. काम कळायला प्रसंग यावा लागतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. किडनीची वाट पाहणाऱ्या घरात एचएलएचा अहवाल येतो. सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. 'जुळत नाही' हे वाचून भावाला अपराधी वाटतं, रुग्णाला आपलं शरीर वैरी वाटतं. आजची औषधं पुष्कळदा यातून वाट काढतात. पण हेही लक्षात ठेवा, की माणसामाणसांतला हा फरकच एका विषाणूला सगळ्यांवर एकदम मात करू देत नाही, असं बहुतेक संशोधक मानतात. ज्याला आपण अडथळा म्हणतो, ते कुणाचं तरी राखणीचं काम असतं. जुनं नाव मात्र पुस्तकांत अजून तेच आहे.