दंतपवन आणि दंतरोपण : मुखशुद्धीच्या एका नियमाचा इतिहास

मुखशुद्धी हा दिनचर्येचा इतका परिचित भाग आहे की, इतिहासाचा विषय म्हणून त्याकडे सहसा पाहिले जात नाही. जो आचार रोज पहाटे घरोघर घडतो, त्याची नोंद दप्तरांत राहत नाही. वैद्यकाचे ग्रंथ, नीतिपर वाङ्मय आणि आत्मचरित्रे यांतील विखुरलेल्या उल्लेखांवरूनच त्याचा माग काढावा लागतो. दंतरोपणाच्या प्रसारामुळे ह्या अभ्यासाला आता व्यावहारिक महत्त्वही आले आहे. जबड्याच्या हाडात धातूचे कृत्रिम मूळ बसवून त्यावर दात उभा करण्याची ही पद्धती बाहेरून आली. परंतु तो दात स्वच्छ ठेवणारा हात मात्र येथील जुन्या सवयींत घडलेला असतो. ह्या सवयींपैकी कोणती रोपणास तारक आणि कोणती मारक ठरते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. ग्रंथांतील दंतपवन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतपवनाचा, म्हणजेच दातवणाचा, विधी आला आहे. काडीचे टोक चेचून मऊ करावे, तिचा रस तुरट, तिखट किंवा कडू असावा आणि तिचा उपयोग दिवसातून दोन वेळा करावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच ठिकाणी एक अट घातलेली आहे : हे सर्व करताना दातांभोवतीच्या मांसास, म्हणजे हिरडीस, इजा होता कामा नये. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हीच अट आढळते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय अधिक तपशिलात शिरतो. काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी. कडू वृक्षांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मधुक आणि तिखटांत करंज श्रेष्ठ समजावा, असे त्यात म्हटले आहे. घसा, टाळू, ओठ व जीभ यांचे विकार असताना किंवा तोंड आले असता दातवण करू नये, असा निषेधही तेथे आहे.

ह्या विधानांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, दात पांढरा करणे एवढाच ह्या आचाराचा हेतू नव्हता. हिरडीचे रक्षण हे त्याचे अंग मानलेले होते. दुसरी, जखमी किंवा सुजलेल्या तोंडात घर्षण करू नये, हे तत्त्व शास्त्रकारांना मान्य होते.

२. लोकाचार : राखुंडी आणि मिसरी

मराठी समाजातील मुखशुद्धीची प्रतिष्ठा दासबोधातून दिसते. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. ज्याचे दात, डोळे, नाक, हात, वस्त्र व पाय सदैव मळलेले असतात, त्याची गणना त्यांनी मूर्खांत केली आहे. स्वच्छतेला येथे आरोग्याइतकेच शिष्टाचाराचेही अधिष्ठान आहे. परंतु दात स्वच्छ दिसावा ह्या अपेक्षेतून लोकाचारात दातवणाशेजारी दुसरी एक परंपरा नांदली. ती घासण्याची परंपरा होय. गोवरीच्या वा लाकडाच्या राखेची राखुंडी, कोळशाची पूड, बारीक मीठ, क्वचित विटेचा चुरा अशी द्रव्ये बोटावर घेऊन दातांवर चोळली जात. त्यांनी डाग जात, हे खरे. परंतु खरखरीत कणांनी दाताचे आवरण झिजे आणि हिरडी खाली सरके.

ह्या परंपरेतील सर्वांत अनिष्ट वस्तू म्हणजे मिसरी अथवा मशेरी. तंबाखू तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून तिची पूड करावयाची आणि ती दात व हिरड्यांवर चोळावयाची, हा प्रघात महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, दीर्घकाळ चालत आला आहे. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून ती हातात येते आणि व्यसन म्हणून टिकते. चरकाने जे स्थान जपण्यास सांगितले, नेमक्या त्याच स्थानी, म्हणजे दात व हिरडी यांच्या सांध्यावर, मिसरीतील तंबाखू रोज लावली जाते.

३. फैजपूर आणि स्वावलंबी आरोग्याचा विचार

दातवणाला आधुनिक काळात जी नवी प्रतिष्ठा लाभली, तिचा संबंध गांधीविचाराशी येतो. मुखशुद्धीसाठी गांधीजी दीर्घ वेळ देत. जोहान्सबर्ग येथील दिनक्रमात दात घासण्यास पंधरा व स्नानास वीस मिनिटे लागत, आणि त्या वेळी भिंतीवर गीतेचे श्लोक लावून त्यांनी तेरा अध्याय पाठ केले, असे आत्मकथेत नमूद आहे. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात काकासाहेब कालेलकर त्यांच्यासमवेत होते. दातवणाचे वापरलेले टोक कापून टाकावे आणि उरलेली काडी सुकेपर्यंत पुन्हा पुन्हा उपयोगात आणावी, हा गांधीजींचा आग्रह कालेलकरांच्या आठवणींत आलेला आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेशातील फैजपूर येथे, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांच्या कलादृष्टीने सजलेले तेथील टिळकनगर बांबूसारख्या ग्रामीण साधनांनी उभारले होते. खेड्याच्या गरजा खेड्यातील वस्तूंनी भागवाव्यात, हे त्या अधिवेशनाचे व त्यासोबतच्या खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे सूत्र होते. बांधावरचा निंब किंवा बाभूळ तोडून केलेले दातवण हे ह्या सूत्राचे अगदी साधे उदाहरण ठरते.

परंतु ह्याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुखशुद्धीस इतका वेळ देणाऱ्या गांधीजींनाही उत्तरायुष्यात कवळी वापरावी लागली. नियमित शुद्धी केली तरी दात जाऊ शकतात. आणि ते गेल्यावर प्रश्न केवळ चावण्याचा न राहता नव्या दातांच्या निगेचाही होतो. कवळीच्या बाबतीत तो सोपा होता. ती काढून धुता येई, रात्री पाण्यात ठेवता येई. रोपणाने ही सोय नाहीशी केली.

४. इ. स. १९६५ : दोन समकालीन घटना

दंतरोपणाच्या इतिहासात १९६५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडांवरील प्रयोगांत असे दिसले होते की, टायटेनियम धातू हाडाशी घट्ट एकजीव होतो. १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्ग येथे एका रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमची मुळे बसविली. २००६ मध्ये त्या रुग्णाचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ती कार्यक्षम राहिली. १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर ही पद्धती जगभर स्वीकारली गेली.

त्याच वर्षी हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात साफ करणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या; शुद्धी पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. हिरडीच्या कडेला साचणारा जंतूंचा चिकट थर हेच हिरडीच्या दाहाचे कारण आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. कृत्रिम मूळ बसविता येते, हे पहिल्या घटनेने दाखविले. ते कशामुळे धोक्यात येईल, ह्याचे उत्तर दुसरीत होते. पुढे १९९४ मध्ये रोपण केलेल्या रुग्णांवर तसाच तीन आठवड्यांचा प्रयोग झाला, आणि रोपणाभोवतीच्या हिरडीतही तोच क्रम आढळला.

५. रोपित दाताची निगा

धातूच्या मुळास कीड लागत नाही. म्हणून त्याला निगेची गरज नाही, असा समज रूढ होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात व मूळ आणि हाड यांच्यामध्ये जिवंत बंध असतो. रोपणाभोवती हा बंध नाही. तंतू त्याच्या पृष्ठभागास समांतर जातात. त्यामुळे तेथील दाह खोलवर लवकर पोहोचतो. दाह हिरडीपुरता असेतोवर शुद्धीने तो बरा होतो. हाड झिजू लागल्यावर मात्र गेलेले हाड सहजासहजी परत येत नाही. २०१७ च्या जागतिक परिषदेने ह्या दोन अवस्थांच्या स्वतंत्र व्याख्या केल्या आहेत. वेदना पुष्कळदा उशिरा होते. हिरडीतून रक्त येणे हीच आधीची सूचना होय.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत त्या जागी ब्रश न फिरविता जंतुनाशक द्रवाने चूळ भरावी लागते. त्यानंतर मऊ ब्रशाने दोन वेळा शुद्धी, तीही हिरडीच्या कडेवर लक्ष ठेवून, आवश्यक असते. दोन दातांमधील फटीसाठी बारीक ब्रश वापरतात. त्याची तार प्लास्टिकने मढविलेली असावी, म्हणजे धातूवर चरे पडत नाहीत. पृष्ठभागाचा खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या पलीकडे गेला की त्यावर जंतूंचा थर अधिक साचतो, असे संशोधनाने दाखविले आहे. ह्याच कारणाने दंतवैद्यही तेथे पोलादी हत्याराऐवजी प्लास्टिकची किंवा टायटेनियमची उपकरणे व मृदू भुकटीचा फवारा योजतात. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि आरंभीच्या क्ष-किरण चित्राशी नंतरच्या चित्रांची तुलना, ही निगेची दुसरी बाजू होय. मधुमेह, तंबाखू व पूर्वीचा हिरडीरोग असल्यास धोका वाढतो.

६. निष्कर्ष

ह्या दृष्टीने पाहता राखुंडी आणि मिसरी ह्या दोन्ही सवयी रोपणास घातक आहेत. पहिलीने रोपणाचा उघडा भाग व वरची कॅप यांवर चरे पडतात. दुसरीने हिरडीवर तंबाखूचा रोज लेप बसतो. निंबाची काडीही रोपणासाठी पुरेशी नाही, कारण तिचे जाड टोक फटीत पोहोचत नाही. मात्र तिच्यासोबत ग्रंथकारांनी सांगितलेले नियम, म्हणजे साधन मऊ असावे, शुद्धी दोन वेळा व्हावी, हिरडीस इजा होऊ नये आणि व्याधी असताना घर्षण टाळावे, हे आजच्या रोपण-निगेशी जुळणारे आहेत.

फैजपूरसारख्या गावातील शेतकरी कुटुंबाने मोठा खर्च सोसून मुंबई-पुण्यास रोपण करून घेतले, तर तेथील शल्यकर्म एकदाच होते. पुढची वर्षानुवर्षांची निगा गावातच व्हावयाची असते. तपासणीस पुन्हा पुन्हा तेवढा प्रवास करणे कठीण, म्हणून ती सोय भुसावळ-जळगावसारख्या जवळच्या ठिकाणी होणे आणि घरातील मिसरीचा डबा दूर होणे, या दोन गोष्टींवर त्या खर्चाचे सार्थक अवलंबून राहील. १९३६ चे स्वावलंबनाचे सूत्र येथे नव्या अर्थाने लागू पडते. कृत्रिम मूळ बाहेरून येईल, परंतु त्याचे रक्षण ज्याच्या त्याच्या हातीच आहे. आणि त्या रक्षणाचा मुख्य नियम, हिरडी जपण्याचा, ह्या समाजास अपरिचित नाही.