पूरक मापक (मोटारगाडी)

पूरक मापक म्हणजे मोटारगाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर मालकाने तीत स्वतंत्रपणे बसवून घेतलेले मोजमापाचे उपकरण होय. शीतकाचे (कूलंटचे) तापमान, वंगण तेलाचा दाब, इंधनाची पातळी, विद्युतदाब व विद्युतधारा या राशी दाखवण्यासाठी असे मापक वापरले जातात. टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत हवेचा वाढीव दाबही मोजला जातो. ५२ मिलिमीटर व्यासाची गोल तबकडी सर्वाधिक प्रचलित आहे. गॅरेजच्या बोलीत या उपकरणास नुसते 'मीटर' म्हणतात.

पार्श्वभूमी

१९०८ साली बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' या गाडीत तापमानाचा किंवा इंधनाचा मापक नव्हता; टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल पाहावे लागे. १९१० च्या दशकात रेडिएटरच्या झाकणावर बसवण्याचा 'बॉइस मोटोमीटर' हा तापमापक लोकप्रिय झाला. तो पाण्यावरील वाफेचे तापमान दाखवी व चालकास आसनावरून वाचता येई. त्याला एकही तार लागत नसे. पुढे मापक डॅशबोर्डवर आले आणि नंतर अनेक गाड्यांत त्यांची जागा धोक्याच्या लाल दिव्यांनी घेतली. अमेरिकेत या दिव्यांना उपहासाने 'इडियट लाइट' म्हणत. हा उपहास सर्वस्वी अनाठायी नव्हता, कारण बहुधा इंजिन तापून गेल्यावरच दिवा लागे. आधुनिक गाड्यांत तापमानाचा काटा असला, तरी चालक विनाकारण घाबरू नये म्हणून बऱ्याच मोठ्या तापमानपट्ट्यात तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. पूरक मापकाची गरज यातूनच निर्माण होते.

जोडणी

विद्युत मापकास साधारणतः चार तारा लागतात. पहिली तार इग्निशनच्या चावीनंतर सुरू होणाऱ्या पुरवठ्यातून येते, दुसरी गाडीच्या सांगाड्याला म्हणजे 'अर्थिंग'ला जाते, तिसरी इंजिनावरील संवेदकाकडे (सेंडरकडे) जाते आणि चौथी तबकडीच्या दिव्यासाठी असते. पुरवठ्याच्या तारेवर कमी क्षमतेचा, सामान्यतः ३ ते ५ ॲम्पिअरचा फ्यूज असणे आवश्यक आहे. तो मापकाजवळ न लावता पुरवठ्याच्या उगमाजवळ लावावा लागतो. फ्यूज तारेचे रक्षण करतो, आणि उगम व फ्यूज यांमधील तार मात्र असंरक्षितच राहते. इंजिनाच्या कप्प्यातून आत येणारी तार पत्र्याच्या भोकातून जाते, तेथे रबरी कडे नसल्यास कंपनाने तिचे आवरण कापले जाते.

जर्मन मानकानुसार ३० हा क्रमांक बॅटरीच्या कायम पुरवठ्याचा, १५ इग्निशनचा, ३१ अर्थिंगचा आणि ५८ दिव्यांचा असतो. अक्षरांच्या बाबतीत मात्र घोटाळा संभवतो. अमेरिकी मापकांवरील 'जी' हे अक्षर 'ग्राउंड' म्हणजे अर्थिंग दर्शवते, तर व्हीडीओ या जर्मन बनावटीच्या मापकांवर तेच अक्षर 'गेबर' म्हणजे संवेदक दर्शवते. १९६० च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत मापक बसवताना आधी बॅटरीची जोडणी तपासावी लागते.

संवेदक आणि चुकीचे वाचन

मापक व संवेदक ही जोडी असते. इंधनाच्या पातळीसाठी अमेरिकी पद्धतीचा प्रचलित संवेदक टाकी रिकामी असताना २४० ओहम व भरलेली असताना सुमारे ३३ ओहम रोध देतो. युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला १० व भरलेल्या टाकीला १८० ओहम असा उलट क्रम असतो. या दोहोंची सरमिसळ झाल्यास टाकी रिती होत जाते तसा काटा 'भरलेली'कडे सरकतो.

तापमानाच्या संवेदकाचा रोध तापमान वाढते तसा कमी होतो. त्यामुळे त्याची तार तुटल्यास काटा 'थंड'वर पडून राहतो आणि तार सांगाड्याला टेकल्यास तो थेट 'गरम'च्या टोकाला जातो. दुसरा दोष लगेच लक्षात येतो, पहिला येत नाही. एकाच अग्राच्या संवेदकाचे अर्थिंग त्याच्या आट्यांतून होते. आट्यांवर टेफ्लॉनची फीत जाड गुंडाळली, किंवा इंजिन व सांगाडा यांना जोडणारी पट्टी गंजली, तर मार्गातील रोध वाढतो आणि तापलेले इंजिनही थंड भासते. शीतकाची पातळी संवेदकाच्या खाली गेल्यास तो हवेत राहतो व असेच फसवे वाचन मिळते. गळतीच्या वेळी, म्हणजे मापकाची सर्वाधिक गरज असताना, असे घडू शकते.

हेडलाइट लावताच काटा हलत असेल, तर मापक व दिवे यांचे अर्थिंग सामाईक व कमकुवत आहे असे समजावे. नव्या मापकाची तार मूळ संवेदकाला जोडल्यास दोन्ही वाचने बिघडतात, म्हणून स्वतंत्र संवेदक बसवतात. तेलाच्या दाबासाठी इंग्रजी 'टी'च्या आकाराचा जोड वापरला, तर मूळ धोक्याचा दिवाही चालू राहतो.

ॲमीटर व व्होल्टमीटर

ॲमीटर परिपथात एकसरीत जोडतात, व्होल्टमीटर समांतर. ॲमीटरचा रोध अत्यल्प असल्याने तो व्होल्टमीटरप्रमाणे बॅटरीच्या दोन अग्रांना जोडल्यास लघुपरिपथ होऊन आग लागू शकते. बरोबर जोडला, तरीही स्टार्टर वगळता गाडीची जवळपास सारी धारा डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येते. अनेक जुन्या गाड्यांत या मार्गावर फ्यूज नसे. सैल किंवा गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी ४० ॲम्पिअरला तेथे १६० वॉट उष्णता निर्माण होते, आणि प्लॅस्टिक वितळण्यास तेवढी पुरेशी आहे. १९६० नंतर डायनॅमोच्या जागी अधिक क्षमतेचे अल्टरनेटर आले, तेव्हा ३० ॲम्पिअरचे जुने ॲमीटर अपुरे ठरले. बाह्य शंट बॅटरीजवळ बसवल्यास मोठी धारा आत आणावी लागत नाही; मात्र शंटपासून निघणाऱ्या बारीक तारांनाही फ्यूज हवा.

व्होल्टमीटर त्या मानाने निर्धोक आहे. पूर्ण भारित १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट अपेक्षित असतात.

यांत्रिक मापक

तेलदाबाच्या यांत्रिक मापकात वीज नसते, परंतु बारीक नळीतून गरम तेल थेट प्रवासी कक्षात येते. नळी फुटल्यास चालकाचे पाय भाजण्याची शक्यता असते.

पडताळणी

बसवण्यापूर्वी तापमानाचा संवेदक उकळत्या पाण्यात धरून मापक तपासता येतो. संवेदकाचे विद्युत अग्र पाण्याबाहेर ठेवावे लागते. संवेदक इंजिनावर नसल्यामुळे त्याच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंत वेगळी तार जोडावी लागते, अन्यथा काटा हलतच नाही. पाणी सर्वत्र १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. मुंबईत ते जवळपास १०० अंशांना उकळते, सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात ९८ अंशांच्या आसपास, तर महाबळेश्वरला ९६ अंशांच्याही किंचित खाली. म्हणून साधा तापमापक शेजारी ठेवून दोन्ही वाचने ताडून पाहतात.